खोललीच आहे तर

“जीप क्लचसाठी टाकली होती ना? मग साडेतीन महिने कुठे होती?” नाशिकला इंदिरानगरातले शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात, गावी मोहाडीला गेले की भाऊबंद विचारतात. आता तुम्हीही विचारलंत. दरवेळी मी “काम वाढत गेलं” एवढंच सांगते. पण ते काही खरं उत्तर नाही. काम वाढलं नाही, ते गाडीत आधीपासून तेवढंच होतं. आम्ही फक्त क्लचकडे बघत होतो.

जीप दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. महिंद्राची एमएम ५४०, २११२ सीसीचं डिझेल इंजिन. ते इंजिन मुळात फ्रान्सच्या प्यूजोचं, महिंद्राने १९७९ साली त्याचा परवाना घेतला होता. दादांनी गाडी घेतली १९९१ मध्ये. तेव्हापासून बागेचं एकही काम तिच्याशिवाय झालेलं नाही. क्रेट, मजुरांचे डबे, पाइपची बंडलं, फवारणीचे ड्रम, सगळं तिच्यातून गेलं. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच, दिंडोरीच्या रस्त्याला.

कोजागरीनंतर आम्ही सप्तशृंगी गडावर निघालो होतो. नांदुरी सोडून घाट लागला आणि दुसऱ्या गिअरात इंजिन नुसतं ओरडायला लागलं. पाय दाबावा तसा आवाज चढायचा, गाडी मात्र तेवढ्याच वेगात. मग तो वास आला, जळक्या क्लचचा. एकदा घेतला की विसरत नाही. तशीच हळूहळू खाली आणली आणि दुसऱ्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आमच्या मेकॅनिक चाचांकडे सोडली. चाचा म्हणाले, “क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. दोन दिवस. मजुरीसकट अकरा हजार धरा.”

अंदाज बरोबरच होता. पण क्लचप्लेट बसते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे. तिथवर जायचं तर चाकांकडे ताकद नेणारे पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स खाली घ्यायचे, आणि त्याआधी आतून गिअरबॉक्सवरचा पत्रा काढायचा. म्हणजे पैसे जातात ते तिथवर पोहोचायलाच. सामान त्या मानाने स्वस्त. हे एकदा समजलं की गॅरेजमधलं “खोललीच आहे तर बघून घेऊ” हे वाक्य लूट वाटत नाही. दहा वेळा ते शहाणपणाचंच असतं. दोनदा नसतं, आणि त्या दोन वेळा ओळखायच्या असतात.

गिअरबॉक्स उतरला त्या दुपारी चाचांनी मला बोलावून घेतलं. जुनी क्लचप्लेट हातात दिली. फक्त झिजलेली नव्हती, तेलकट होती. क्लचवरच्या आवरणाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या आत काळा चिकट थर साचला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला आणि बोट माझ्यापुढे धरलं. “गिअर ऑइल असतं तर नाकात गेलं असतं, ताई. त्यात गंधक असतं. हे इंजिनाचं आहे, बघा किती काळं.” खरंच, डिझेल इंजिनातलं तेल काजळीने असं काळं होतं की कापडावरून निघत नाही. म्हणजे क्रँकचं, इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गळत होतं. ते तेल फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लचप्लेट ज्यावर दाबली जाते त्या जड चाकावर उडत होतं, प्लेट भिजत होती, भिजली की घसरत होती आणि घसरून जळत होती. नुसती नवी प्लेट घातली असती तर पुढच्या कोजागरीला परत तोच वास. शेदोनशे रुपयांचं सील, पण त्यासाठी एरवी पुन्हा एवढंच सगळं खोलावं लागलं असतं. तिथे विचार करायचा प्रश्नच नव्हता.

सीलसाठी फ्लायव्हील उतरवलं तर त्यावर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा. ते अंबडला लेथवर फेसिंगला, म्हणजे वरची बाजू सपाट करायला गेलं. हेही योग्यच.

मग पहिला मोठा मोह आला. सील गळतं का, तर एक कारण वय, दुसरं इंजिनातला दाब. गाडी खोलण्याआधी चाचांनी चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून पाहिलं होतं, तेव्हा त्यातून धूर येत होता. मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. जळता वायू पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतो, त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही की तो तेलाला सीलमधून ढकलतो. गॅरेजमध्ये उभा असलेला प्रत्येक जण सांगायला लागला की इंजिनच करून टाका, गाडी खोललीच आहे. मी नाही म्हटलं. थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होणारं, तेल फारसं न पिणारं इंजिन धुरावरून उघडायचं नाही. चाचांनी ब्रीदरची, म्हणजे तो वायू बाहेर सोडणारी नळी काढली तर ती काजळीने जवळजवळ बुजलेली. ती साफ केली, इंजिन उघडलं नाही. इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही काढले नाहीत. हे नोझल आपल्याच सातपूरला बनतात, मायको सर्कलला नाव मिळालं त्याच कंपनीत, जी आता बॉश म्हणून ओळखली जाते. ते बाहेरून पान्याने निघतात, कधीही काढता येतात. गिअरबॉक्स खाली आहे म्हणून ते आजच करायचं काही कारण नव्हतं. माझी कसोटी एवढीच होती: या कामाला हीच गाडी पुन्हा इतकीच खोलावी लागेल का?

इथे थांबलो असतो तर आठ दिवसांत गाडी घरी आली असती. पण तो गिअरबॉक्सवरचा पत्रा. त्याचा एक बोल्ट पान्याने फिरवला तर बोल्ट फिरलाच नाही, भोवतालचा पत्राच त्याच्याबरोबर वर आला. गॅरेजमधल्या पोरानं रबरी मॅट उचलली. खाली पूर्वी कुठल्यातरी गॅरेजने गंजक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकला होता. दोन्हींच्या मधे ओल अडकून आतला पत्रा पापडासारखा झाला होता. मागच्या हौद्यात तर आरपार भोकं, आणि ती सगळी एका गोलात.

दादा त्या दिवशी आले होते. वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “हा ड्रमचा डाग आहे.”

बागायतदारांना वेगळं सांगायला नको. बोर्डोला, म्हणजे बुरशीवरच्या फवारणीच्या मिश्रणाला, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात कधी भिजवत नाहीत. त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्याच्या बदल्यात लोखंड विरघळून जातं. मिश्रण नीट झालंय का ते बघायला दादांनीच मला लहानपणी शिकवलं होतं: विळ्याचं पातं बुडवायचं, वर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. ड्रम प्लॅस्टिकचा होता, पण घरी भिजवलेलं मोरचुदाचं पाणी बागेपर्यंत जीपमधून जायचं आणि प्रत्येक खड्ड्याला थोडं हिंदकळायचं. चुना बागेत पडायचा. एवढी वर्षं आमच्या जीपचा हौदा तो विळा झाला होता. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही बोलवेना.

चाचांनी मग हातोडी घेऊन चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा तपासला. दोन्ही लांब पट्ट्यांवर टोला मारला की ठण्ण वाजायचं. गिअरबॉक्स ज्यावर टेकतो त्या क्रॉस मेंबरवर मारला तर भद्द. स्क्रूड्रायव्हर लावून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. ज्या आडव्या पट्टीवर सगळा गिअरबॉक्स टांगायचा तीच आतून पोकळ. मग बॉडी चासीवरून उचलण्याशिवाय मार्ग नव्हता, कारण वरून टाके मारून ते कोपरे हाती लागत नाहीत. बॉडी निघाली की वायरिंग आणि ब्रेकचे पाइप निघतात. गंजलेले ब्रेक पाइप डोळ्यांनी पाहिल्यावर परत बसवायचे नसतात.

चाचांकडे बॉडी ठेवायला जागा नव्हती. ती टेम्पोत टाकून मोहाडीला आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये नेली, चासीही मागून आली. पत्र्याचं काम करणारे डेंटर रविवारी यायचे. जुना पत्रा कापायचा, नवा बसवायचा, गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड मारायचं. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार वायर ब्रश घेऊन चासी घासत असे. वेळ गेला तो इथे. फेब्रुवारीत माल निघायच्या आत शेड मोकळी हवी होती, आणि ती झाली.

खर्च एक लाख सदतीस हजार. एवढ्यात जुनी चारचाकी आली असती हे मलाही माहीत आहे. पण तिचा गिअरबॉक्स कशावर टेकलाय ते मला माहीत नसतं. इथे क्रॉस मेंबरचा प्रत्येक टाका मी बघितलाय. आणि दादा पंचाहत्तरीचे आहेत, त्यांना बागेत जायला हीच गाडी लागते. हे कारण मी पैशांच्या हिशोबात धरत नाही, वेगळं धरते.

सगळ्या गाडीला रंग केला नाही. बॉडी उघडीच आहे तर आरशासारखा करून घ्या, असं डेंटर म्हणाले होते. जिथे नवा पत्रा आहे तिथेच रंग आहे, बाकी जुनाच.

ड्रम आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो. जीप इंदिरानगरला आली की रात्री बेल हाउसिंगच्या खाली मी एक पुठ्ठा सरकवून ठेवते. ऑइलच्या झाकणातून अजून थोडा धूर येतो, पूर्वीच्या मानाने खूप कमी. परवा सकाळी पुठ्ठा काढला, कोरडा होता. नोझल पावसाळ्यानंतर काढायचे आहेत.