रॉजरचा चुकवलेला नेम

माणूस मुळातच दुष्ट असतो का, हा विषय निघाला की कोणीतरी हमखास विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'चं नाव काढतं. शाळकरी पोरं, निर्मनुष्य बेट, धाकाला एकही मोठं माणूस नाही आणि बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठली, म्हणजे माणूस आतून असाच. कादंबरी १९५४ची, गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता, त्यामुळे हा अंधार त्याने कुठून आणला ते कळतं. पण हा निष्कर्ष मला काही पटत नाही आणि तो न पटण्याचं कारण त्याच पुस्तकात आहे.

रॉजर नावाचा पोरगा छोट्या हेन्रीवर लपून दगड मारत असतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. हेन्रीच्या भोवती थोडी जागा अशी आहे की तिथे दगड टाकायची त्याची छातीच होत नाही, कारण आईबाप, शाळा, पोलीस, कायदा सगळं मागे राहिलं तरी त्यांचा धाक अजून हातात शिल्लक आहे. पुढे हाच रॉजर वरून भलामोठा धोंडा ढकलतो आणि पिगी नावाचा पोरगा मरतो. लोकांच्या लक्षात तो धोंडा राहतो, मला मात्र या दोन्हींच्या मधलं महत्त्वाचं वाटतं, म्हणजे तोंडाला रंग फासणं, शिकारीचा नाच, सगळ्यांनी मिळून ओरडणं, आणि वर जॅकसारखा म्होरक्या ज्याला हे सगळं हवंच आहे. दुष्टपणा एवढा तयार बसलेला असता तर इतकी तयारी लागलीच नसती ना!

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये तर बेटही लागत नाही. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, त्यांच्यातल्याच बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, आणि खेळता खेळता तो खटला खरा होतो. शेवटी तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करायची शिक्षा सुनावतं, आणि मग तीच माणसं तिला समजावतात की अगं हा खेळ होता. यातला एकही जण राक्षस नाही, आणि म्हणूनच नाटक अंगावर येतं. खेळ म्हटलं की कोणालाच जबाबदार वाटत नाही, बेटावरच्या नाचात सायमन नावाच्या पोराला सगळ्यांनी मिळून मारलं तेव्हाही हेच झालं होतं.

१९६५ मध्ये टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातली सहा शाळकरी मुलं खरोखरच अटा नावाच्या ओसाड बेटावर अडकली आणि वर्षाहून जास्त काळ तिथे राहिली. त्यांनी आग विझू दिली नाही, भांडण झालं की दोघांना वेगळं करून डोकं शांत होऊ दिलं, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो नीट बसवला. यावरून माणूस मुळात चांगलाच असं मी म्हणणार नाही, कारण ती आधीपासूनची मित्रं होती आणि भांडणाचं काय करायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण बेट म्हणजे रक्तपात हे समीकरण तरी तिथे मोडतं.

मला रॉजरपेक्षा पिगीचीच जास्त भीती वाटते, कारण तो हुशार आहे, सज्जन आहे, आपल्यासारखा आहे. सायमनला सगळ्यांनी मिळून मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हाच पिगी म्हणतो की तो अपघात होता, आपण तर कडेला होतो.