पोटरीवर बुद्ध गोंदला असेल तर श्रीलंकेतल्या श्रीपाद डोंगरावर जाऊ नका

झाकून जाऊ म्हणत असाल तर पुढचं नीट वाचा, कारण आम्हीही झाकूनच निघालो होतो.

माझ्या उजव्या दंडावर बुद्धाचा चेहरा आहे आणि मित्राच्या डाव्या पोटरीवर पद्मासनातली पूर्ण मूर्ती. दोन्ही दीक्षाभूमीबाहेरच्या गर्दीत, श्रद्धेनं काढून घेतलेली. माझी आजी म्हणायची, सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. आमच्यासाठी ती मूर्ती म्हणजे तेच गोंदण. श्रीलंकेला निघताना तिकिटं काढून देणाऱ्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही तर बौद्धच, तुम्हाला कोण अडवतं?" हा सल्ला साफ चुकीचा आहे. तुम्ही बौद्ध आहात हे समोरच्याला कळायच्या आधी त्याला तुमची पोटरी दिसते.

विमानतळावर काही झालं नाही, कारण मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि मित्रानं फुलपँट. तसेच जा. २०१४ च्या एप्रिलमध्ये दंडावर कमळातला बुद्ध असलेल्या एका ब्रिटिश परिचारिकेला याच कोलंबो विमानतळावर अटक झाली आणि तिला देशाबाहेर पाठवलं गेलं. ती स्वतः बौद्ध ध्यानशिबिरांना जाणारी. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या अटकेला कायद्याचा आधार नव्हता असं म्हणून तिला ८ लाख श्रीलंकन रुपये भरपाई दिली. साडेतीन वर्षांनी न्याय मिळाला हे खरं, पण सहल तर तेव्हाच बुडाली होती. न्यायालयाच्या निकालावर विसंबून बाही वर करू नका.

आता श्रीपाद. कँडीहून रेल्वेनं हॅटन, तिथून बसनं नल्लतन्निया. पुढे साधारण साडेपाच हजार पायऱ्या, शिखराची उंची २,२४३ मीटर. यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत चालते. आम्ही फेब्रुवारीत गेलो आणि रात्री दोनला चढायला लागलो. खाली थंडी होती, पण तासाभरात अंगातून धारा लागल्या. मित्रानं पँट बदलून हाफपँट घातली आणि पोटरीला क्रेप बँडेज गुंडाळलं. दुखापतीसारखं दिसेल, कोणी विचारणार नाही, असा हिशेब होता.

घामानं क्रेप बँडेज सरकतं. हे लक्षात ठेवा. अर्ध्याच्या वर, जिथे पायऱ्या उंच होतात, रेलिंग लागतं आणि गर्दी एकामागे एक उभी राहते, तिथे ते घोट्यापर्यंत उतरलं. आम्हाला पत्ताही नव्हता. त्या चढावर मागच्या माणसाचं डोकं तुमच्या पोटरीच्या पातळीवर येतं. मित्राच्या मागे पांढऱ्या साडीतली, सत्तरीच्या पुढची एक बाई होती. ती थांबली आणि पुढची पायरी चढेना. तिच्या मुलानं मित्राच्या खांद्यावर हात ठेवून मोडक्या इंग्रजीत एवढंच म्हटलं, "बुद्ध, पायावर, नको."

आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं, इतकं ते शांत होतं. आपण वर जातो ते बुद्धाच्या पावलाच्या खुणेवर डोकं टेकायला. आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडासमोर, मित्राच्या पायावर, तोच बुद्ध. तिथे पाय हा शरीराचा सगळ्यात हीन भाग मानतात. मूर्तीकडे पाय करून बसत नाहीत, पाठ करून फोटोही काढत नाहीत. मित्र खाली बसला, माझी शाल पोटरीला बांधली आणि हात जोडले. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो सूर्योदय होईपर्यंत बोलला नाही.

उतरताना शाल दोनदा सुटली आणि गुडघे तर केव्हाच गेले होते. खाली एका दुकानदारानं आमची गरज ओळखून, कँडीत हजाराला मिळणारी लुंगी तीन हजाराला दिली. घेतली. तरीही जाणारच असाल तर ती कँडीच्या बाजारातूनच घेऊन जा. चढताना मात्र लुंगी नको, पायात येते. फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे आणि त्यावर पातळ ट्रॅकपँट, दुसरं काही चालत नाही. दंडाला क्रिकेटवाले घालतात ती बाही पुरते.

थायलंडचा दाखला देऊ नका. वाट बांग फ्रासारख्या विहारात भिक्खू स्वतः साक यांत, म्हणजे तिथलं पारंपरिक पवित्र गोंदण, गोंदतात हे खरं, पण तेही सहसा पायांवर गोंदत नाहीत, आणि त्याच देशात बुद्ध सजावटीसाठी नाही असे फलकही आहेत. म्यानमारमध्ये २०१६ साली पायावर बुद्ध असलेल्या स्पॅनिश पर्यटकाला बागानमधून परत पाठवलं होतं.

गॉल, नुवारा एलिया सुखाचं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अनुराधपूर मात्र चुकवू नका. बोधिवृक्षाजवळ चप्पल आणि टोपी काढावी लागते, दुपारी फरशी भाजते, म्हणून सकाळी सातच्या आत पोहोचा. तिथे आम्ही कडेला बसून त्रिशरण पंचशील म्हणायला लागलो. शेजारच्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायांनी मान वळवली आणि तिसऱ्या ओळीला त्याही सामील झाल्या. उच्चार थोडे वेगळे, पाली शब्द तेच. आम्हाला सिंहली येत नव्हतं, त्यांना मराठी नाही. शेवटी साधू, साधू, साधू एकत्रच निघालं. १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी याच बेटावर आले होते, ते त्या वेळी फार आठवलं. एका बाईनं विचारलं, कुठून? मी "नागपूर, आंबेडकर" म्हटलं. तिला दुसरा शब्द कळला.

माझ्या बाहीखाली काय आहे हे तिला मी दाखवलं नाही. दाखवायची गरज वाटली नाही.

दंडावर असेल तर बिनधास्त जा, झाकून. पोटरीवर असेल तर अनुराधपूर, कँडी फुलपँटमध्ये करा आणि श्रीपाद सोडा. सार्क देशांच्या लोकांना बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त पडतं, पण पासपोर्ट दाखवावा लागतो, तो हॉटेलात ठेवू नका. आमचा पहिल्या दिवशी राहिला आणि पूर्ण दर भरावा लागला.