आईचा डालड्याचा डबा आणि सारफथची बाई

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज महिन्याचा पहिला रविवार. प्रभुभोजन झालं, शेवटचं गीत झालं आणि आम्ही बायका नेहमीसारख्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये धान्य निवडायला बसलो. पाठ भरून आलीय पण झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या कुटुंबांत, प्रत्येक घरात एक डबा असतो. रोज संध्याकाळी भात टाकायच्या आधी घेतलेल्या तांदळातली एक मूठ त्या डब्यात टाकायची, कुणी ज्वारी टाकतं, कुणी डाळ, आणि पहिल्या रविवारी डबा घेऊन यायचं. एवढंच. मिझोराममध्ये तर मंडळीतल्या बायका 1910 पासून हे करतायत, आणि आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी मुष्टीफंड उभा केला तो पण असाच, घराघरातल्या मुठीवर. एक मूठ कमी झाल्याने घरात कुणाचं पोट रिकामं राहत नाही पण चाळीस घरांच्या मुठी एकत्र आल्या की हॉलमध्ये पोती उभी राहतात, हे मी दर महिन्याला बघते तरी दर महिन्याला बरं वाटतं.

तांदळाची मात्र एक गंमत आहे. कुणाचा कोलम, कुणाचा आंबेमोहर, कुणाचा रेशनचा जाडा, सगळं एकाच पातेल्यात पडतं, आणि असला मिसळीचा तांदूळ सरळ शिजवला की अर्धा गिच्च आणि अर्धा कच्चा राहतो. म्हणून गरजू घरांना जे किट देतो त्यात तो घालायचा नाही हे ठरलेलंय, तो अर्धा तास भिजवून त्याची गुरुवारची खिचडी करतो, दवाखान्याच्या गेटबाहेर पेशंटचे जे नातेवाईक बसलेले असतात त्यांच्यासाठी. किटसाठी वेगळा तांदूळ विकत आणतो, अर्पणाच्या पैशातून. किट म्हणजे पाच किलो आटा, तीन किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, मीठ, दोन्ही साबण. साबण वडाळ्याच्या काकूंनी हट्टाने घालायला लावले, म्हणाल्या पोट भरलं तरी माणूस मळक्या कपड्यात कामावर कसं जाईल.

आज बावीस किट गेले, त्यातले निम्मे तरी मंडळीबाहेरच्या घरी. कुणी विचारत नाही की तुम्ही कोण, चर्चला येता का. ते विचारलं तर मग ते अन्न राहत नाही असं मला मनापासून वाटतं. लॉकडाऊनमध्ये एका वाटपाच्या ठिकाणी (आमचं नव्हतं, आम्ही फक्त हात लावायला गेलो होतो) किट हातात द्यायच्या आधी प्रत्येकाचा फोटो काढत होते, आणि एक बाई रांगेत अगदी पुढे येऊन कॅमेरा बघून पदर तोंडावर घेऊन तशीच मागे फिरली. रिकाम्या हाताने. मी तिच्या मागे पळाले पण गर्दीत ती सापडली नाही. तिचं काय झालं असेल हा विचार अजून येतो मला. त्यानंतर आमच्याकडे वाटपाचा फोटो काढत नाहीत, किट अंधार पडल्यावर घरपोच जातं.

अंधार पडल्यावर न्यायचं हे मात्र आम्ही शोधून काढलेलं नाही. ते मी लहानपणी दाराच्या आतून पाहिलंय.

1988 साल असेल, मी तिसरीत, आम्ही नगर जिल्ह्यात. दादा, म्हणजे माझे वडील, हमालीला जायचे, ट्रकवरून पडून पाय मोडला आणि आठ महिने घरी. आईला शेतातलं काम मिळेल तेव्हा मिळेल. एका रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे जेवण असं नव्हतंच, आईने कण्या शिजवल्या होत्या, दाराबाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला आणि चर्चचे पाळकसाहेब कॅरिअरला ज्वारीचं अर्धं पोतं बांधून उभे. दिवा नव्हता लावलेला सायकलला. दादांच्या उशाशी बसून प्रार्थना केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, सलाम म्हणाले आणि गेले. शेजारच्या घराला पण कळलं नाही.

मग आईने पोत्याची सुतळी सोडली आणि पहिली मूठ काढून फडताळातल्या डालड्याच्या डब्यात टाकली. चर्चच्या डब्यात! मला इतका राग आला होता ना त्या रात्री. त्यांच्याकडूनच आलं, आणि आपल्याला पुरत नाही, आणि त्यातलं परत त्यांनाच? मी रडले पण होते. आई काही समजावून वगैरे सांगत बसली नाही, चूल पेटवून भाकरी थापायला लागली.

हा राग बरीच वर्षं होता माझ्या मनात. शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) बायबलमधली सारफथ गावच्या विधवेची गोष्ट शिकवली तेव्हा तर मला तिच्या दारी आलेल्या एलीया संदेष्ट्याचाच राग आला. दुष्काळ पडलाय, बाईकडे मडक्यात मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलंय, ती काटक्या गोळा करतेय की शेवटची भाकर करू, मी आणि पोरगा खाऊ आणि मरू, आणि हा म्हणतो आधी मला एक लहानशी भाकर करून आण. पीठ पुढे संपलं नाही हे ठीक, पण मागायचंच कशाला तिच्याकडे.

त्याच रागातून मी मागच्या वर्षी महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये म्हणलं, की ज्या घरांना आपण दर महिन्याला किट देतो त्या पाच घरांकडून तरी डबा घेऊ नका, बरं दिसत नाही ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरावच होणार होता. तेवढ्यात वडाळ्याच्या काकू, ज्या मीटिंगमध्ये सहसा तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, "बाई, तिचं काही काढून घ्यायचं असंल तर किट काढून घे, डबा नको काढू. डबा हाय म्हणून ती तुझ्याशेजारी बसतीया."

मी गप्पच झाले.

काकूंनी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायचं काम, सगळं. हातात कुणी टाकलं तर कसं लागतं हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. घरी येऊन मी पंडिता रमाबाईंचा विचार करत बसले, कारण माझी पणजी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली (दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे). रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकात दुष्काळातच उपासमारीने गेले, स्वतः त्या रानोमाळ उपाशी फिरल्या. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या असणार. आणि त्या मुलींना नुसतं वाढून बसवून ठेवलं नाही, शेतात, मागावर, छापखान्यात काम शिकवलं. पणजीचं बोट धरणारी मुलगी तिच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी होती असं घरात सांगतात, ती पण तशीच आलेली. म्हणजे कालची उपाशी आजच्या उपाशीला जेवू घालत होती. आईच्या त्या मुठीतही हेच होतं, दादा अंथरुणावर असताना सुद्धा मंडळीत आम्ही देणारं घर होतो. हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली, आणि सांगायला आई राहिली नाही.

तर आज. त्या पाच घरांतली एक, नवरा गेल्यावर दोन पोरांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहते, पोरांची फी मंडळी भरते, ती आली तिचा श्रीखंडाचा डबा घेऊन. तळाला जेमतेम वाटीभर तांदूळ. काकूंनी तो सगळ्यांसारखाच पातेल्यात ओतला, रिकामा डबा आतून हाताने पुसून तिला परत दिला आणि सूप पुढे सरकवलं, "बस, खडे लई हायेत आज." ती माझ्या शेजारी बसली. दीड तास आम्ही दोघी खडे निवडत होतो आणि तिच्या धाकट्याच्या गणिताच्या मास्तरांबद्दल बोलत होतो.

गुरुवारी खिचडीला तीच येणारे, सकाळी साडेसहाला. मुगाची डाळ कमी पडतेय, उद्या ऑफिसमधून येताना आणायचीय.