जांबोटीच्या पावसात भेटलेलं गाणं

बेळगाव जिल्ह्यात पाऊस बघायला गेलो होतो, आणि तो पोटभर मिळाला. गोकाकला घटप्रभा तांबडीलाल होऊन कोसळत होती, पण प्रत्येक टोळक्याचा स्पीकर वेगळा आणि प्रत्येक स्पीकरवर गाणं वेगळं. एवढा मोठा धबधबा समोर असून त्याचा आवाज म्हणून ऐकू येईना. अशी चीड आली की करदंट मिठाईचं पाकीट घेतलं आणि परत फिरलो. कित्तूर, हलशी पुढच्या वेळी. आता लिहायचंय ते जांबोटीच्या पुढच्या एका घराबद्दल.

घर आईच्या मावसभावाचं. खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे ऐन सह्याद्री. इथून जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम. गावं मराठी, घरं कौलारू, आणि आषाढात पाऊस असा की अंगणापलीकडची गोठ्याची भिंत दिसत नाही. पाहुणचाराबद्दल काय सांगू? मी ओल्या बुटांनी दारात उभा, आणि मामी म्हणाल्या, "अंग पूस आदी. भाकरी टाकलीय." नाचणीची भाकरी, आळंब्यांचं कालवण, चुलीची ऊब. कुठल्याही रिसॉर्टात हे मिळत नाही, आणि मिळालंच तर मी पैसे देऊन खाणार नाही.

रात्री माजघर गळायला लागलं. मामींनी एकीकडे पातेलं ठेवलं, दुसरीकडे परात. मग कोपऱ्यातली लांब काठी घेऊन टाचा उंचावून एक कौल आतूनच हळूच वर ढकललं. धार थांबली आणि हातभर पलीकडे सुरू झाली. त्यांनी परात पायाने तिकडे सरकवली. लाईट गेलेली, रेंज नाही. मामेभाऊ बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, तो पातेल्याकडे बघत म्हणाला, "दादा, याच्यावर गाणं हाय की. ऐक." आणि त्याने फोनवर उतरवून ठेवलेलं कन्नड 'सोरुतिहुदु मनिय माळिगी' लावलं.

अज्ञानाने घर गळतंय, डागडुजी करणारं कुणी नाही, आणि या काळोखात मला वर चढता येत नाही. एवढं त्याने सांगितलं, बाकी मी नुसता ऐकत राहिलो. गिटार होती, पण गाणं गिटारीचं नव्हतं. मोकळ्या गळ्याचा आवाज कुठलीही नजाकत न दाखवता थेट छातीवर येत होता. संपलं की मी "परत लाव" म्हणायचो. फोनची बॅटरी संपेपर्यंत हेच चाललं. तोवर दुसरं एक गाणं ऐकून झालं होतं, 'गुडुगुडिया सेदि नोडो'. गुडगुडी ओढून बघ म्हणत म्हणत सरळ अध्यात्मात नेणारं, आणि तरी पाय थिरकवणारं.

बँडचं नाव द रघू दीक्षित प्रोजेक्ट. रघू दीक्षित म्हैसूरचे, जन्म मात्र आपल्या नाशिकचा. पहिला अल्बम २००८ साली विशाल-शेखर यांच्या लेबलवर आला, आणि २०११ मध्ये ही मंडळी इंग्लंडातल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आली. तिथल्या गर्दीसमोरही त्यांनी कन्नड सोडली नाही, हे मला फार आवडलं. मला भिडलेली ही दोन्ही पदं शिशुनाळ शरीफ यांची. १८१९ ते १८८९ हा त्यांचा काळ, गाव हावेरी जिल्ह्यातलं शिशुनाळ. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताचे गुरू ब्राह्मण, गोविंदभट्ट.

कोल्हापुरात वाढलेल्या माझ्यासारख्याला कन्नड म्हणजे पाट्यांचा वाद, काळं फासलेली बस आणि एक नोव्हेंबरच्या बातम्या. मामा तर दरवर्षी त्या दिवशी दंडाला काळी फीत लावून बेळगावच्या फेरीत जातात. १९५६ चा, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातल्याचा विषय निघाला की अजून आवाज चढतो त्यांचा. गाणं चालू होतं तेव्हा ते अंथरुणावर पाठ करून पडले होते. दुसऱ्या कडव्याला तिकडून आवाज आला. मामा गात होते. शब्द न् शब्द पाठ. उमेदीची वर्षं खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात गेली, तिथे बैलहोंगलकडचे कामगार रात्रपाळीत ही पदं म्हणायचे, त्यांच्याकडून शिकले. "शरीफज्जाचं पद काय कुनाच्या सरकारचं हाय व्हय?" एवढंच म्हणाले आणि कूस बदलली. सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत तसूभरही बदललेलं नाही, आणि ते बदलावं असं मलाही वाटत नाही.

पुढे सौंदत्तीला गेलो. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांची हीऽ रांग. दर्शन झालं, आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

परतीची बस खचाखच. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून इथल्या बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, त्यामुळे माहेर, बाजार, देव सगळीकडे त्या निघालेल्या असतात. मला उभं राहावं लागलं, तरी ही योजना मला मनापासून आवडते. अर्ध्या वाटेत जागा मिळाली. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक अज्जा. माझ्या फोनवर गाण्याचं नाव बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मी एक इअरफोन त्यांच्याकडे दिला. 'गुडुगुडिया' लावलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं त्यांनी. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "हुडगा पळतोय लई. पण सूर सोडत न्हाई." हुडगा म्हणजे पोरगा.

आणि मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर बोटांनी ताल धरून स्वतः म्हणायला लागले. त्याच पदाची चाल निम्म्या लयीत. प्रत्येक ओळीनंतर थांबायचे, मी ऐकतोय ना बघायचे आणि पुढे जायचे. पुढच्या सीटवरच्या दोघी वळून बसल्या आणि ध्रुवपद उचलू लागल्या. कंडक्टरही तिकिटं थांबवून दांड्याला टेकला. बँडची घाई मला आवडली होती, अज्जांची सवडही आवडली. आता दोन्ही लागतात.

बैलहोंगलला उतरताना अज्जांनी बजावलं, शिशुनाळला जाऊन या. मामेभावाला मेसेज टाकलाय. दिवाळीनंतर निघायचं, गाडी त्याची, पेट्रोल माझं, आणि मामांना पुढच्या सीटवर बसवायचं.