टोंगाचा पाएआ

काल रात्री झोप येईना म्हणून १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची बॉक्सिंगची जुनी फायनल लावली. सुपर हेवीवेट. एका बाजूला युक्रेनचा उंच, सडसडीत व्लादिमिर क्लिच्को. दुसऱ्या बाजूला टोंगा या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटदेशाचा पाएआ वुल्फग्राम. पोट सुटलेलं, दंड ओंडक्यासारखे. आमची ही म्हणाली, "हा बॉक्सर?" म्हटलं, याच गड्याने क्यूबाच्या रुबाल्काबाला घरी पाठवलंय! फायनल मात्र ३-७ अशी गेली. तरी ते रौप्य टोंगाचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि आजवरचं एकमेव.

पुढे तो व्यावसायिक झाला. २००० मध्ये हँबुर्गला पुन्हा समोर क्लिच्कोच. पहिल्याच फेरीत खेळ आटोपला. ती लढत मी लावलीच नाही.