बाबांची आगगाडी

आज लेकीला घेऊन पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात गेलो. भाऊसाहेब जोशींनी हौसेपायी उभारलेलं, १९९८ पासून सगळ्यांसाठी खुलं. सिग्नल पडतात, गाड्या सुटतात. बाबा असते तर जेवायलाही उठले नसते.

अशी छोटी इंजिनं घ्यायची आमची ऐपत नव्हती. बाबा लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून डबे कापायचे, चाकांना शर्टाची बटणं, खिडक्यांच्या गजांना खराट्याच्या काड्या. डबा जरा तिरका चिकटला की उचकटून पुन्हा. फेव्हिकॉल हमखास आईच्या पोळपाटावर सांडायचा, मग तिचा तोंडाचा पट्टा सुरू!

१:८७ चं प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी छोटी गाडी, हे मी शाळेआधी त्यांच्याकडून शिकलो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर; या मापात ते १९ मिलिमीटरच्या वर हवं. बाजारात रूळ मिळतो १६.५ चा, परदेशातल्या अरुंद स्टँडर्ड गेजचा. "आपली गाडी आणि विलायती रूळ!" असं म्हणून ते करवादायचे. आज मीही आधी रुळाची रुंदीच न्याहाळत बसलो.

घाटात गाडीला मागून इंजिन का लावतात, हे लेकीला सांगितलं. कर्जतच्या बँकरपर्यंत, म्हणजे तिथे मागून ढकलायला जोडतात त्या इंजिनापर्यंत, पोचलो तेवढ्यात तिनं विचारलं, "आजोबांचे डबे कुठे आहेत?"

माळ्यावर आहेत. रविवारी काढतो. फेव्हिकॉल आणायला हवा.