तीर्थनचं पाणी निवळेपर्यंत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलात तीर्थन नदीवर मी ट्राउट मासे धरायला गेलो आणि पाच दिवस जवळजवळ वाया घालवले. त्याला दोन वर्षं झाली, पण राग गेलेला नाही. बुकिंग घेणाऱ्या माणसाला मी फोनवर तीनदा विचारलं होतं, ‘पाणी कसं आहे?’ तिन्ही वेळा एकच उत्तर, ‘एकदम क्लिअर, मे म्हणजे ट्राउटचा भर सीझन.’ पुण्याहून चंडीगढ, रात्रीची बस, औटच्या बोगद्याच्या तोंडाशी उतरून बंजारमार्गे गुशैणी. मासेमारीचा परवाना दहा मिनिटांत मिळाला, त्याचा काहीच त्रास नाही.

संध्याकाळी नदीवर गेलो तर समोर तांदळाचं धुवण वाहतंय.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला ना गांडूळ असतं ना पिठाची गोळी. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, तिला वास नाही, चव नाही. ट्राउट ती बघून घेतो. दिसलीच नाही तर घेणार काय? मी पहिले दोन दिवस तरीही रॉड चालवत राहिलो. खांदा भरून आला, तंगूस चार वेळा दगडात अडकून तुटली.

तिसऱ्या दिवसापासून मी माझी एक खूण ठरवली. काठालगत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि बुटाची नाडी दिसते का बघायचं. नऊ वाजता नाष्टा करून गेलो, तर नाडी सोडा, बूटच दिसेना. दुपारी आभाळ गडगडलं, वरच्या अंगाला पाऊस झाला आणि संध्याकाळी पाणी आणखी वर चढलं. काठावर रोवलेल्या काडीच्या खुणेवरून पाणी चार बोटं पुढे गेलं होतं. चौथा दिवस तसाच. उतरलो होतो त्या घराच्या ओसरीवर बसून मी त्या फोनवरच्या माणसाला मनातल्या मनात जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. सुट्टीचे दिवस मोजून मिळतात आपल्याला. खोटं बोलण्यापेक्षा ‘आत्ता येऊ नका’ एवढं म्हणायला काय जात होतं?

त्या रात्री घरमालकांनी जेवताना सहज विचारलं, ‘सुबह पाँच बजे देखा है क्या?’ नव्हतं पाहिलं. त्यांनी समजावलं ते असं. हिवाळ्यात वर साठलेला बर्फ दिवसा उन्हाने वितळतो. ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून नदी दुपारनंतर चढते आणि गढूळ होते. रात्री वर गारठा पडला की वितळणं मंदावतं आणि पहाटे पाणी सगळ्यात कमी आणि त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पाचव्या दिवशी साडेपाचला पाण्यात उतरलो. पाणी काडीच्या खुणेखाली गेलेलं, थर्मामीटरवर आठ अंश, आणि नाडी दिसत होती. पुसट, पण दिसत होती. मधल्या धारेकडे बघितलंच नाही. गढूळ पाण्यात ट्राउट काठालगत, दगडाच्या आडोशाला येतो. काळी, जाड पिसांची माशी तिथून सरकवली आणि सव्वासहाला एक मासा लागला. वीतभराचा. सोडून दिला. आठ वाजता पाण्याचा रंग बदलायला लागला आणि दहाला माझी बस होती.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, तारखा पाण्यावरून ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ अजून वरच अडकलेला असतो, पाणी कमी आणि नितळ असतं. पण गार असतं, त्यामुळे दुपारचं ऊन पडल्यावरच मासा हलतो. ट्राउटला साधारण दहा ते सोळा अंशांचं पाणी मानवतं. जुलै-ऑगस्टमध्ये नदीजवळ जाऊच नका, वर ढगफुटी झाली तर खाली वेळ मिळत नाही. पाऊस संपल्यावर, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, हे दिवस मला सगळ्यात आवडले. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण तेव्हा ब्राउन ट्राउट नदीतल्या दगडगोट्यांमध्ये अंडी घालतो. हा मासा मूळचा युरोपातला, कुलू खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडलेला. तीर्थनवर धरण होऊ नये म्हणून इथली माणसं कोर्टापर्यंत गेली आणि जिंकली, त्यामुळे ही नदी अजून अशी वाहते.

मी पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. कंबरभर डोहाचा तळ दिसत होता. पण नितळ पाण्यात मासाही आपल्याला बघतो, तेव्हा सावली पाण्यावर पडू देऊ नका, वाकून जा, तंगूस बारीक घ्या. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा न्याच. आणि आधी एक गोटा उलटा करा. मी केला तर खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या, भाताच्या दाण्याएवढ्या नळ्या होत्या, प्रत्येकीत एक अळी. मासा ते खातो, म्हणून तसलीच बारीक तपकिरी माशी लावायची आणि पाण्याच्या वेगानेच वाहू द्यायची. दोर ताणला की ती ओढली जाते आणि मासा फिरकत नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत तीन मिळाले. सगळ्यात मोठ्याच्या अंगावरचे लाल ठिपके आणि त्यांभोवतीची फिकट कडी मी पाण्यातच धरून नीट बघून घेतली.

बुटाचा तळ फेल्टचा, म्हणजे जाड नमद्याचा हवा, ते गोटे शेवाळाने भयंकर निसरडे असतात. आणि हो, गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून न्या, मासा ओल्या हाताने धरा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि सोडलेला मासाही मग जगेलच असं नाही.